गेश, आण आणि नेणीव : केल्टिक कथांचे मनोविश्लेषणाच्या अंगाने वाचन

आर्द्रा

मध्ययुगीन आयरिश आणि वेल्श कथा मी बरीच वर्षे इंग्रजी भाषांतरांतून वाचत आले आहे. त्याच काळात फ्रॉइड आणि फ्रेंच मनोविश्लेषक लाकाँ यांचेही वाचन चालू होते आणि हळूहळू ही दोन्ही वाचने एकमेकांत मिसळत गेली. केल्टिक साहित्याकडे मनोविश्लेषणाच्या अंगाने पाहण्याची एक ठरीव वाट आहे. वीराच्या जन्मकथेत ईडिपस गंड (मुलाची आईकडे ओढ आणि बापाशी वैर) शोधायचा, कढई दिसली की तिला गर्भाशय म्हणायचे आणि तलवार दिसली की तिला पुरुषत्वाचे प्रतीक ठरवायचे. त्या वाटेने गेले की प्रत्येक कथा सारखीच दिसू लागते. या कथा आणि मनोविश्लेषण जिथे खरोखर एकमेकांना भिडतात, ती जागा माझ्या मते ‘गेश’ ही आहे.

गेश म्हणजे एका विशिष्ट व्यक्तीवर, बहुधा राजावर किंवा वीरावर, असलेले बंधन. ते सर्वांना लागू नसते, त्यामागचे कारण सहसा कोणी सांगत नाही आणि ते मोडले की मरण फार दूर राहत नाही. फ्रॉइडला हा प्रकार ठाऊक होता. १९१३ च्या ‘टोटेम आणि टॅबू’ या पुस्तकात राजांवरील निषेधांची चर्चा करताना, मानववंशशास्त्रज्ञ फ्रेझरने जमवलेल्या सामग्रीच्या आधारे, तो प्राचीन आयर्लंडच्या राजांचाही उल्लेख करतो : अमुक वारी अमुक गावी मुक्काम करायचा नाही, अमुक वेळी अमुक नदी ओलांडायची नाही, अमुक माळावर नऊ दिवस तळ द्यायचा नाही. त्याचे स्पष्टीकरण असे, की प्रजेच्या मनात राजाविषयी आदर आणि वैर एकत्र नांदतात, आणि त्यातून निघालेले निषेध राजाला जपतात व त्याच वेळी त्याचे जगणे अवघड करून त्याला शिक्षाही देतात. हे स्पष्टीकरण मला प्रजेपुरते पटते. कथेत प्रत्यक्ष जे घडते, त्याचा उलगडा मात्र त्याने होत नाही.

‘दा देर्गाच्या वसतिगृहाचा विध्वंस’ या कथेतील कोनरे हा राजा पाहा. त्याचा पिता पक्ष्याच्या रूपात आला होता, म्हणून पक्ष्यांची शिकार त्याला वर्ज्य आहे. पित्याकडच्या पक्ष्यांचा राजा त्याच्यापुढे माणसाच्या रूपात येतो आणि त्याला गेशांची यादी सांगतो : तारा या राजपीठाला उजवी आणि ब्रेगा या प्रदेशाला डावी घालून प्रदक्षिणा करायची नाही, दर नवव्या रात्री ताराबाहेर राहायचे नाही, तीन तांबड्या स्वारांच्या मागोमाग तांबड्याच्या घरी जायचे नाही, तुझ्या राज्यात लूटमार होता कामा नये. पुढे कोनरे यांतील एकेक बंधन मोडत जातो. ही बंधने तो लालसेपोटी मोडत नाही. त्याचे दूधभाऊच लूटमार करू लागतात आणि त्यांना देहान्ताची शिक्षा देण्याचा धीर त्याला होत नाही. इतरांच्या मुलांना त्यांच्या बापांनी मारावे असे ठरवून तो आपल्या दूधभावांना तेवढे वाचवतो आणि मग स्वतःच कबूल करतो, की हा न्याय माझे आयुष्य वाढवणारा नाही. तेथून पुढे प्रत्येक पाऊल त्याला आपोआप पुढच्या निषेधाकडे नेते. काही माणसांच्या आयुष्यात एकच दुर्दैव असे परत परत येते, की जणू एखादी आसुरी शक्ती त्यांच्या मागे लागली असावी, असे फ्रॉइडने १९२० मध्ये लिहिले आणि त्याला पुनरावृत्तीच्या सक्तीशी जोडले. कोनरेच्या कथेत ही सक्ती पात्राच्या मनात दाखवलेली नाही. ती यादीत आहे, म्हणजेच दुसऱ्या कोणी तरी उच्चारलेल्या शब्दांत आहे.

‘माबिनोगी’ या चार शाखांच्या मध्ययुगीन वेल्श कथासंग्रहाच्या चौथ्या शाखेत हेच अधिक ठळकपणे दिसते. आरियानरॉद आपल्या मुलाला नाव द्यायला नकार देते. मी दिल्याशिवाय याला नाव मिळणार नाही, मी चढवल्याशिवाय याच्या अंगावर शस्त्र चढणार नाही आणि पृथ्वीवरच्या कोणत्याही कुळातली बायको याला मिळणार नाही, अशी तीन बंधने ती त्याच्यावर घालते. वेल्शमध्ये यासाठी ‘तंगेद’ असा शब्द आहे आणि आरियानरॉदच्या वाक्यात ‘शपथ घेणे’ व ‘नियती’ हे दोन शब्द एकमेकांचे पडसाद असल्यासारखे येतात. तिचा भाऊ ग्विदियोन मुलासह चांभाराचा वेष घेऊन तिच्या किल्ल्याखाली गलबत आणतो. ती पायाचे माप द्यायला येते. गलबतावर एक रेन पक्षी उतरतो आणि मुलगा त्याच्या पायाचा नेमका वेध घेतो. तिच्या तोंडून कौतुक निघून जाते, की या गोऱ्या मुलाचा हात मोठा कुशल आहे. ग्विदियोन लगेच म्हणतो, की झाले, याला नाव मिळाले : ल्लेइ ल्लाव गफेस, अर्थात कुशल हाताचा गोरा.

जाणूनबुजून जे नाव द्यायचे नाही असे तिने ठरवले, ते तिच्या जिभेने नकळत देऊन टाकले. बोलण्यातील चुकांचा फ्रॉइडने १९०१ मध्ये जो विचार मांडला, त्याचे याहून नेमके उदाहरण मला कोणत्याही जुन्या कथेत आढळलेले नाही. लाकाँ ज्याला ‘पित्याचे नाव’ म्हणतो, म्हणजे मुलाला नियमांच्या आणि भाषेच्या जगात आणणारे पित्याचे स्थान, त्याची जागाही येथे रिकामी आहे. मुलाचा बाप कोण हे कथा सांगतच नाही, आणि नाव येते ते आईच्या बेसावध बोलण्यातून.

म्हणून माझे म्हणणे असे, की या कथांतील नेणीव, म्हणजे जाणिवेबाहेरचे मन, पात्रांच्या आत शोधू नये. ती माणसामाणसांमध्ये, एकाने दुसऱ्यावर ठेवलेल्या शब्दांत शोधावी. आपणा सर्वांची मते वाचायला आवडतील.

पाणवठा

आर्द्राताई, मांडणी आवडली, पण एक मूलभूत अडचण आहे. मनोविश्लेषणाला बोलणारा रुग्ण लागतो. येथे तो कोण आहे? कोनरेला किंवा ल्लेइला बालपण नाही, स्वप्ने नाहीत आणि त्यांची स्वगतेही फारशी नाहीत. आपण पात्रांच्या आत पाहू नका म्हणता ते योग्यच आहे, पण मग विश्लेषण नक्की कोणाचे करायचे?

माझ्या मते ते लिहून घेणाऱ्यांचे करावे. या कथा आपल्यापर्यंत ख्रिस्ती मठांतून पोहोचल्या आहेत. बाराव्या शतकातील ‘लेन्स्टरच्या ग्रंथा’त ‘ताइन बो कूलिन्ये’ ही गुरांच्या लुटीची महाकथा संपते, तेथे दोन टिपा आहेत. पहिली आयरिशमध्ये आहे : जो कोणी ही कथा याच रूपात निष्ठेने पाठ करील आणि तिला दुसरे रूप देणार नाही, त्याला आशीर्वाद असो. तिच्याखाली दुसरी टीप लॅटिनमध्ये येते. तीत लिहिणारा म्हणतो, की ही कथा, किंबहुना कल्पित गोष्ट, मी लिहिली खरी, पण यातील कित्येक गोष्टींवर माझा विश्वास नाही. काही भुतांच्या मायेतून आल्या आहेत, काही कवींच्या कल्पना आहेत, काही खऱ्या वाटण्याजोग्या आहेत, काही नाहीत, आणि काही मूर्खांच्या करमणुकीसाठी आहेत.

आईच्या भाषेत आशीर्वाद आणि चर्चच्या भाषेत इन्कार, आणि तोही एवढ्या मोठ्या कथेचा शब्द न शब्द उतरवून झाल्यानंतर! दडपलेला विचार ‘नाही’ या शब्दाचे तिकीट घेऊन जाणिवेत प्रवेश करतो, असा १९२५ च्या नकारावरील छोट्या निबंधात फ्रॉइडने मांडलेल्या विचाराचा गाभा आहे. या लेखनिकाने लॅटिनमध्ये ‘नाही’ म्हटले, म्हणूनच आयरिशमध्ये सगळे लिहून ठेवण्याची मोकळीक त्याला मिळाली, असे मी या दोन टिपा वाचतो.

दीपमाळ

पाणवठा यांनी सांगितलेल्या टिपा मला माहीत नव्हत्या. त्यांबद्दल मनापासून आभार.

ईडिपस गंडाविषयी थोडे लिहिते, कारण धाग्यात तो फार लवकर बाजूला सारला गेला आहे असे वाटते. अल्स्टर या आयरिश राज्याचा वीर कू खुलिन याने स्वतःच्या मुलाला मारल्याची कथा येथे विचारात घ्यायलाच हवी. ईफा या योद्ध्या स्त्रीला मुलगा होणार हे कळल्यावर तो तिच्याजवळ एक अंगठी ठेवतो, ती मुलाच्या बोटाला बसू लागली की त्याला माझ्याकडे पाठव असे सांगतो आणि जाताना मुलावर तीन बंधने घालून ठेवतो : कोणा एकट्या योद्ध्याला नाव सांगायचे नाही, कोणासाठी वाट सोडायची नाही, कोणी झुंजीला बोलावले तर नाही म्हणायचे नाही. मुलगा सात वर्षांचा होऊन अल्स्टरच्या किनाऱ्याला लागतो आणि नाव सांगत नाही. कू खुलिनची बायको एमर त्याला अडवते, हा तुझाच मुलगा आहे असे स्पष्ट सांगते. तरीही तो अल्स्टरच्या अब्रूसाठी त्याला मारतो आणि मग प्रेत उचलून आणून म्हणतो, की हा घ्या माझा मुलगा.

येथे मुलगा बापाला मारत नाही. बाप मुलाला मारतो, आणि मारण्याची सगळी तयारी त्याने मुलाच्या जन्माआधीच, शब्दांनी करून ठेवलेली आहे. भारतीय कथांत ईडिपसाची दिशा उलटी असते, बापाचा मुलावर रोख असतो, असे ए. के. रामानुजन यांनी दाखवून दिले होते. इराणी रुस्तुम-सोहराब आणि ही आयरिश कथा शेजारी ठेवल्या की ही उलटी दिशा केवळ आपल्याकडचीच आहे असे म्हणता येत नाही. महाभारतात बभ्रुवाहनाच्या हातून अर्जुन पडतो, पण तो पुन्हा उठतो. ईफाचा मुलगा उठत नाही. आर्द्राताईंच्या मांडणीला माझा विरोध नाही. उलट, येथेही घात करणारी गोष्ट नाव न सांगण्याचा शब्दच आहे. मात्र त्या शब्दामागे बापाचे भय किंवा वैर आहे का, हा प्रश्न विचारण्याचा हक्क आपण सोडू नये.

उंबरठा

ईडिपसाच्या त्रिकोणात आई, बाप आणि मूल एका घरात राहतात असे गृहीत धरलेले असते. जुन्या आयर्लंडमध्ये मुले दुसऱ्या घरी वाढवायला देण्याची पद्धत होती आणि तिचे तपशीलवार कायदे होते. मुलगे सतराव्या वर्षापर्यंत आणि मुली चौदाव्या वर्षापर्यंत पालक घरी राहत. जुन्या आयरिशमध्ये आई-बाबांसाठी लहान मुलाच्या तोंडी येणारे जिव्हाळ्याचे शब्द पालक आईबापांकडे गेले आहेत. म्हणजे ज्या शब्दांत मुलाचे पहिले प्रेम आणि पहिला राग साठतो, ते शब्दच दुसऱ्या घरचे आहेत. कोनरे दूधभावांना मारू शकला नाही, कू खुलिन आणि फेर दिआद ही दूधभावांची जोडी नदीच्या उतारावर दिवसा लढून रात्री एकमेकांकडे औषधी वनस्पती आणि अन्न पाठवत राहिली. या साहित्यातील सर्वांत दुखरी जागा ही आहे.

दुसरी गोष्ट इंग्रजी भाषांतरांत हमखास झाकली जाते. अल्स्टरचा राजा कोनखोवर कू खुलिनचा मामा आहे. चौथ्या शाखेतला राजा माथ हा ग्विदियोनचा मामा आहे. ग्विदियोन ल्लेइचा मामा आहे. ट्रिस्टनची कथाही मामा, मामी आणि भाचा यांचीच आहे. इंग्रजीत हे सगळे एकाच शब्दाखाली जातात आणि वाचणाऱ्याला त्यात बापाची सावली दिसू लागते. मराठीत ‘मामा’ म्हटले की नात्याची संपूर्ण दिशाच डोळ्यांपुढे उभी राहते. १९२० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीने ट्रोब्रियांड बेटांवरील अनुभवावरून असा मुद्दा मांडला, की जेथे मुलावर अधिकार मामाचा असतो, तेथे वैर बापाकडे जात नाही, मामाकडे जाते. फ्रॉइडचा निकटवर्ती अर्नेस्ट जोन्स याने तो जोरात खोडून काढला. या वादात वेल्श कथांची साक्ष कोणी काढायला हवी होती, आणि जोन्स तर स्वतः ग्लामॉर्गनमध्ये जन्मलेला वेल्श माणूस होता.

आर्द्रा

उंबरठा, मामाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. मी ग्विदियोनला बापाच्या जागी बसवून मोकळी झाले होते, ते चुकीचे होते.

दीपमाळ, बापाच्या वैराचा प्रश्न मला टाळायचा नाही. पण त्याआधी गेशला मराठीत काय म्हणावे याचा विचार केला, तर कदाचित उत्तराची वाट सापडेल. ‘शाप’ म्हटले तर त्यात राग येतो, ‘व्रत’ म्हटले तर स्वतःची इच्छा येते, ‘निषेध’ हा फ्रॉइडच्या चर्चेतला शब्द आहे. आपल्याकडे जवळचा शब्द ‘आण’ आहे. ‘तुला माझी आण आहे’ असे म्हटले की बोलणारा एक असतो, बांधला जातो तो दुसराच. एका आयरिश कथेत दिअर्द्रा ही तरुणी नीशे या तरुणाचे दोन्ही कान धरते आणि मला नेले नाहीस तर हे लाजेचे आणि हसण्याचे कान ठरतील असे सांगते. त्यानंतर नीशेला निवड उरत नाही. आण कशी घातली जाते हे त्या एका हालचालीत दिसते, शब्द अक्षरशः कानाला धरून आत सोडला जातो.

फरकही आहे. आपली आण मोडली तर घालणाऱ्याचे वाईट होते, म्हणून ती प्रेमावर चालते. गेश मोडले तर ज्याच्यावर घातले त्याचाच नाश होतो. बापाने मुलावर घातलेली तीन बंधने या फरकातून पाहिली, तर दीपमाळ म्हणतात ते वैर तेथे आहे असे मलाही म्हणावे लागेल.

नीरक्षीर

जोन्सचा उल्लेख आला आहे म्हणून लिहितो. १९२२ साली, म्हणजे आयरिश मुक्त राज्य अस्तित्वात आले त्याच वर्षी, त्याने आयर्लंडच्या बेटपणावर एक निबंध वाचला. बेट म्हणजे नेणिवेत आई, आयरिश लोक आपल्या भूमीला कायम स्त्रीची नावे देतात, म्हणून इंग्लंडचे वर्चस्व त्यांना आईवरच्या अतिक्रमणासारखे वाटते, असा त्याचा साधारण युक्तिवाद आहे. जमिनींची जप्ती आणि १८४५ नंतरचा दुष्काळ यांनी जे पुरेसे समजते, त्यासाठी बेटाचा आकार लागत नाही. साहित्याच्या बाजूनेही ही मांडणी टिकत नाही. जुन्या आयरिश ग्रंथांत भूमी राजाची आई नसते, बायको असते. एका कथेत नियल हा राजपुत्र आणि त्याचे भाऊ पाणी शोधत विहिरीवर येतात, तेथे एक भयंकर म्हातारी बसलेली असते, ती पाण्याच्या बदल्यात चुंबन मागते. इतर भाऊ माघार घेतात किंवा ओझरते चुंबन देतात. नियल तिला मनापासून जवळ घेतो तेव्हा ती तेजस्वी तरुणी होते आणि सांगते, की मी राजसत्ता आहे. आईविषयीची कल्पना येथे मुळातून नाही, ती जोन्सने आणली आहे.

आयरिश लोकांवर मनोविश्लेषणाचा काही उपयोग होत नाही, असे फ्रॉइड म्हणाल्याचे एक वाक्य सर्वत्र फिरते. ते फ्रॉइडच्या लेखनात सापडत नाही. या धाग्यावर ते कोणी आधार म्हणून देऊ नये, एवढ्यासाठीच ही नोंद.

कोकणकडा

मूल आरशातल्या प्रतिमेत स्वतःला ओळखते, या लाकाँच्या आरशाच्या कल्पनेसाठी फर्गस मॅक लेतीची कथा येथे यायलाच हवी. या राजाला एका जलाशयात पोहण्याची बंदी असते. तो पोहतो, तळाशी फुगणारा-आटणारा जलराक्षस पाहून भीतीने त्याचे तोंड वाकडे होते आणि तसेच राहते. व्यंग असलेल्याला राज्य करता येत नाही. म्हणून दरबारातील शहाणे लोक ठरवतात, की राजाला हे कळूच द्यायचे नाही. घरात भोळसट माणसांना येऊ द्यायचे नाही, त्याचे डोके उताणे निजवून धुवायचे, म्हणजे पाण्यात त्याला स्वतःचे तोंड दिसणार नाही. सात वर्षे असे चालते. एके दिवशी डोर्न ही दासी पाणी आणायला उशीर करते म्हणून तो तिला चाबूक मारतो आणि ती त्याच्या तोंडावर त्याचे व्यंग बोलून दाखवते. तो तिचे दोन तुकडे करतो, जलाशयात उतरतो, राक्षसाचे डोके घेऊन वर येतो आणि मरून पडतो.

सात वर्षे सगळे राज्य जाणत होते आणि एकटा राजा जाणत नव्हता. आर्द्राताई म्हणतात तशी नेणीव येथे अक्षरशः माणसामाणसांमध्ये वाटलेली आहे. आणि आरसा शेवटी काचेचा नसतो, तो एका दासीच्या बोलण्याचा असतो.

पाणवठा

कोकणकडा, ही कथा आठवून दिलीत हे फार चांगले झाले. माझी पहिली शंका, की येथे रुग्ण कोण, तिचेही उत्तर यात आहे. रुग्ण फर्गस आहे असे म्हणायची गरज नाही, त्याच्याभोवतीचे सगळे घरच आजार सांभाळत आहे.

आणखी एक दुवा आपल्या वाचकांना जवळचा वाटेल. थोरला हाइनरिख झिमर हा संस्कृत आणि केल्टिक या दोन्हींचा पंडित होता आणि १९०१ पासून बर्लिनमध्ये केल्टिक शिकवत असे. त्याच नावाचा त्याचा मुलगा, भारतविद्येचा अभ्यासक आणि मानसशास्त्रज्ञ युंगचा मित्र, याने एक आयरिश कथा, आर्थर राजाच्या परंपरेतील काही कथा आणि आपला वेताळ अशा सगळ्यांना एकाच पुस्तकात आणले. ते त्याच्या मृत्यूनंतर १९४८ साली निघाले. मला युंगच्या आद्यप्रतिमांपेक्षा (सर्व मानवांच्या मनात सारख्या असलेल्या प्रतिमांपेक्षा) त्यातील शेजार महत्त्वाचा वाटतो. वेताळपंचविशीत राजाने बोलले तर प्रेत पुन्हा झाडावर जाते आणि उत्तर माहीत असून न बोलले तर डोक्याची शकले होतात. कू खुलिनला स्वतःच्या नावाच्या प्राण्याचे, म्हणजे कुत्र्याचे, मांस खायचे नाही अशी एक बंदी आणि कोणाच्या चुलीवरून काही न खाता पुढे जायचे नाही अशी दुसरी. शेवटच्या दिवशी तीन एकाक्ष म्हाताऱ्या वाटेवर कुत्रा भाजत बसतात आणि त्याला बोलावतात. विक्रमाला शेवटच्या वेळी मौनाची वाट सापडते. कू खुलिनला अशी वाट नाही, कारण त्याच्या पेचात त्याचे नावच अडकलेले आहे.

दीपमाळ

शेवटी आरियानरॉदविषयी. आतापर्यंत आपण सर्वांनी तिच्याकडे नाव नाकारणारी आई म्हणूनच पाहिले. तिची परीक्षा कशी झाली हेही लिहायला हवे. माथला युद्धकाळाखेरीज कुमारिकेच्या मांडीवर पाय ठेवूनच जगता येते. त्या जागेसाठी ग्विदियोन आपल्या बहिणीचे नाव सुचवतो. माथ तिला सर्वांसमोर वाकवलेल्या छडीवरून पाऊल टाकायला लावतो आणि तिच्या पोटातले मूल तेथेच पडते. ती दाराकडे निघते, तेव्हा आणखी काहीतरी लहानसे पडते. भाऊ ते उचलून पेटीत लपवतो, वाढवतो आणि काही वर्षांनी तिच्याच दारात आणून उभे करतो. माझी लाज इतकी वर्षे जपून का ठेवलीस, असे ती त्याला विचारते, आणि मग पहिले बंधन उच्चारते.

तिला जे काही करता आले, ते तिने तीन वाक्यांत केले. त्यांतली दोन तिच्याच तोंडून आणि तिच्याच हातांनी कपटाने फोल ठरवली गेली. तिसऱ्या वाक्याला उत्तर म्हणून माथ आणि ग्विदियोन यांनी फुलांची बायको घडवली, तिला कोणी काही विचारले नाही, आणि तिचे पुढे काय झाले ते आपण जाणतो : तिचे घुबड केले गेले. तिसरे बंधन उच्चारल्यानंतर आरियानरॉद कथेत पुन्हा एकदाही दिसत नाही. नेणीव शब्दांत आहे असे म्हणताना, ते शब्द उच्चारणाऱ्या स्त्रीची ही शांतताही आपण वाचावी, एवढीच विनंती.

आर्द्रा

दीपमाळ, मी तिची जिभेची चूक आनंदाने सांगितली, आणि ती चूक घडवून आणण्यासाठी तिचा सख्खा भाऊ चांभाराच्या वेषात खाली उभा होता हे माझ्याच लेखात असूनही मला दिसले नव्हते. चौथी शाखा पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली आहे. छडीच्या प्रसंगाआधी माथ तिला कुमारिका आहेस का असे विचारतो, तेव्हा ती म्हणते, की मी नाही असे मला तरी ठाऊक नाही. या वाक्यापाशी मी कालपासून थांबले आहे.